पाहुण्यांचं गाव

थंडी पडली की पुण्यात आमच्या सोसायटीत तारकर्लीचे बेत सुरू होतात. आत्या मालवणची, त्यामुळे चौकशी माझ्याकडे. खोल्या मिळतील का? एसी आहे ना? मुलं मासे खात नाहीत, पनीर मिळेल ना?

मिळतं हो, सगळं मिळतं. आणि परत आल्यावर हीच मंडळी म्हणतात, "मालवण आता पहिल्यासारखं राहिलं नाही."

आत्याला हे फोनवर सांगितलं तर ती हसली. "तुमका गाव पूर्वीसारखो होयो, आणि खोलयेत एसी पण होयो!"

पर्यटनाने गाव बिघडलं, असं मी म्हणणार नाही. पूर्वी तिथली कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधारही गेला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आज आत्याचा मुलगा चार खोल्या भाड्याने देऊन गावातच राहतो. पुण्यात बसून मी त्याला नावं का ठेवू?

पण किंमत आहेच. रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. होडीतून समुद्रात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी वाळूवर ओढायचं. त्याच वाळूवर आता आपल्या खुर्च्या असतात.

आणि समुद्राचं स्वतःचं वेळापत्रक असतं. मे संपता संपता किल्ल्याच्या होड्या बंद होतात, जून-जुलै मासेमारी बंद. आपली सुट्टी मात्र मे अखेरपर्यंत! एका वर्षी मी स्वतः, आभाळ भरलेलं असताना, नको म्हणणाऱ्या होडीवाल्याला दोनशे रुपये जास्त देऊन किल्ल्यावर न्यायला लावलं. गेलो, आलो, काही झालं नाही. परतताना मात्र होडीत कोणी बोललं नाही. पुढे २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. ती बातमी वाचताना मला ते दोनशे रुपये आठवले. त्याचं 'नको' मी विकत घेतलं होतं.

म्हणून मला वाटतं, गाव कसं राहील हे निम्मं तरी पाहुण्यांच्या हातात आहे. होडीवाला नाही म्हणाला तर नाही. सुरमईचा हट्ट नको, त्या दिवशी बांगडा आला असेल तर बांगडा खावा. रापण लागत असेल तर आपण खुर्ची उचलावी. यात फार मोठा त्याग नाही.

असो. आत्या म्हणते, एकदा नारळी पौर्णिमेला ये. अख्खं गाव बंदरावर समुद्राला नारळ द्यायला जमतं, आणि पाहुण्यांचा सीझन अजून सुरू झालेला नसतो. "तेव्हा गाव आमचो असता," म्हणाली.

यंदा जाईन म्हणतो. तिच्या सवडीने.