परसांतील भाजी व घरचें बियाणें

शेतकऱ्याच्या घरीं भाजी विकत यावी, ही गोष्ट आमच्या लहानपणीं कमीपणाची समजली जाई. आज ती नित्याची झाली आहे. कोणत्याही आठवड्याच्या बाजारीं घटकाभर उभें राहून पाहावें. मेथी, कोथिंबीर, वांगीं, दोडके यांनीं पिशवी भरून नेणाऱ्यांत पांच-दहा एकरांचे खातेदार पुष्कळ दिसतील. त्यांच्या शेतांत ऊस उभा असतो, सोयाबीन असतें, द्राक्षाची बाग असते; फोडणीला लागणारी मिरची मात्र दुसऱ्याच्या मळ्यांतून येते. नगदी पिकाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. कर्ज फेडावयाचें, मुलांचें शिक्षण करावयाचें, तर हातीं रोकड हवी. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, शेताचा हिशेब व घरच्या ताटाचा हिशेब हे दोन निरनिराळे असून, पहिला लिहिण्याच्या भरांत दुसरा आपल्या वहींतून गळून गेला आहे. त्या दुसऱ्या हिशेबासंबंधीं येथें दोन शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचें बालपण सातारा जिल्ह्यांत कृष्णेच्या खोऱ्यांत गेलें. घरामागें सुमारें एक गुंठ्याचें परस होतें. मोरीचें पाणी चरीनें अळवाच्या वाफ्यांत जाई, व तेथून उरलेलें केळीच्या बुंध्याशीं मुरे. कुंपणावर वाल व घोसाळीं, मांडवावर दोडका, पडवळ व कारलीं, गोठ्याच्या छपरावर दुधी व तांबडा भोपळा. कोपऱ्यांत शेवगा, त्याच्या शेजारीं कढीनिंब व लिंबोणी. मधल्या लहान वाफ्यांत मेथी, कोथिंबीर, चुका, चाकवत व माठ. ही मांडणी आईनें कोठें शिकून केली नव्हती. पण तींत विचार होता. ज्यास ओलावा हवा तें मोरीजवळ, ज्यास ऊन हवें तें उंचावर, आणि ज्याची चिमूटभर गरज दिवसांतून दोनदां लागते तें स्वयंपाकघराच्या दारापाशीं. शेतकी शाळेंत परसबागेचे नकाशे आम्ही पुढें पाहिले, तेव्हां त्यांतील बहुतेक तत्त्वें आम्हांस ओळखीचीं वाटलीं.

भाकरीचें पीठ मळण्यापूर्वीं आई परसांत एक फेरी मारी, व त्या दिवशींची भाजी तेथेंच ठरे. जें कोंवळें सांपडेल तें चुलीवर चढे. आज अमुकच हवें असा हट्ट कोणास करतां येत नसे. अळवाचें फतफतें चिंच, गूळ, शेंगदाणे व हरभऱ्याची डाळ घालून होई. चाकवत ताकांत शिजे. अंबाडी ज्वारीच्या कण्यांत शिजवून वरून लसणाची फोडणी पडे. शेवग्याच्या शेंगा तुरीच्या आमटींत, व त्याचा कोंवळा पाला मुगाच्या डाळींत जाई. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर परतून त्यांची चटणी होई. भोपळ्याचीं फुलें, कोंवळीं पानें व बिया यांपैकीं कांहींच उकिरड्यावर जात नसे. दुधी चिरतांना ती प्रथम एक फोड जिभेला लावून पाही, व कडू लागल्यास सबंध फळ फेकून देई. कडू दुधीचा रस प्राणावर बेततो हें आतां सर्वांस कळलें आहे. आईला त्यांतील द्रव्याचें नांव ठाऊक नव्हतें, पण रीत ठाऊक होती. अळवाची खाज आंबटानें मोडते, व पालेभाजीच्या ताटांत लिंबाची फोड असावी, हेंही ती असेंच जाणून होती. लिंबांतील क जीवनसत्त्वामुळें पालेभाजींतील लोह अंगीं अधिक लागतें, असें आहारशास्त्र आज सांगतें.

हें वाचून कोणी म्हणेल कीं, बाळपणचें सर्वच गोड लागतें. तें खरें आहे. भूक मोठी असे व ताट लहान असे, म्हणून चव अधिक वाटे, हेंही आम्ही नाकारीत नाहीं. तो काळ सुखाचा होता असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील कित्येक खातेदार खडी फोडावयास गेले, व परदेशांतून आलेल्या मिलोच्या भाकरी लोकांनीं खाल्ल्या. त्या वर्षीं आमच्या परसांतले वाफेही सुकले. परंतु शेवगा तगला, आणि आईनें आदल्या हंगामांत घातलेले सांडगे व वाळविलेली मेथी मडक्यांत शिल्लक होती. परसानें दुष्काळ टाळला नाहीं; कोरड्या भाकरीबरोबर कांहीं तरी तोंडीं लावणें मात्र पुरविलें. ज्या घरीं परस नव्हतें, तेथें तेंही नव्हतें.

आपल्या सणावारांची योजना पाहिली, तर ती परस गृहीत धरूनच झालेली दिसते. भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचें कांहीं खावयाचें नाहीं असा नेम आहे. नांगरलेल्या रानांतलें त्या दिवशीं चालत नाहीं. हातानें खणून लावलेलें किंवा आपोआप उगवलेलें तेवढें चालतें. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा अशा जिनसांची एकच भाजी शिजते. वर्षभर राबणाऱ्या बैलाची आठवण व स्त्रियांच्या हातच्या परसाचा मान, हीं दोन्ही त्या एका ताटांत साधलीं आहेत. त्याच सुमारास गौरी येतात. त्यांच्या नैवेद्यास कित्येक घरीं सोळा भाज्या लागतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं भोगीस वांगें, गाजर, वालाच्या शेंगा व ओले हरभरे यांची मिसळ भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. आज ऋषीच्या भाजीचा तयार वाटा बाजारांत मिळतो. त्यांतील भाजीस बैल लागला, ट्रॅक्टर लागला कीं आणखी कांहीं, हें कोणी विचारीत नाहीं. नेम उरला, पण त्याचा अर्थ ज्या भूमींत होता ती भूमि गेली.

ती कशी गेली, हें पाहणें अवघड नाहीं. घर पक्कें झालें, तेव्हां मागील अंगण सिमेंटचें झालें. मोरीचें पाणी गटारांत गेलें. उसाची सरी भिंतीपर्यंत आली. आणि उसांत तणासाठीं मारलेलें २,४-डी वाऱ्यानें उडालें, तर वांगीं, टोमॅटो व वेलभाज्या यांचीं पानें आकसतात, हा अनुभव पुष्कळांस आहे. परंतु आमच्या मतें सर्वांत मोठें नुकसान बियाण्याचें झालें. आई मांडवावरचें एक चांगलें फळ सुताचा दोरा बांधून बियाण्यास राखी. तें वेलावरच वाळे. बीं काढून चाळलेल्या राखेंत घालून मडक्यांत ठेवी. तिच्या परसांतला वाल तिनें माहेराहून लग्नानंतर पहिल्याच वर्षीं आणलेला होता. सासरच्या सातबाऱ्यावर तिचें नांव कधीं लागलें नाहीं. पण तो वाल मात्र गांवांत तिच्याच नांवानें ओळखला जाई, व मृगाच्या तोंडावर शेजारणी त्याचें बीं मागावयास येत.

आज दुकानांतून येणाऱ्या भाजीच्या बियाण्यांपैकीं पुष्कळ संकरित असतें. त्याचें उत्पन्न चांगलें येतें, हें मान्य केलें पाहिजे. बाजारासाठीं भाजी करणाऱ्यानें तें अवश्य वापरावें. पण संकरित वाणाचें घरीं धरलेलें बीं पुढल्या वर्षीं मूळ वाणासारखें उतरत नाहीं, म्हणून दरवर्षीं पुडी घ्यावी लागते. परसास सुधारलेले सरळ वाण व गांवठी वाण हेच योग्य होत. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी वाणांचें बीं जमवून त्याची पेढी उभी केली, व त्याबद्दल २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा आरंभ परसांतूनच होता. कायदाही आपल्या बाजूचा आहे. पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क यांच्या २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचें बीं छापील नांवाच्या पुड्यांत भरून विकूं नये, एवढीच मर्यादा आहे. हक्क आहे, पण मडकें रिकामें आहे, अशी आपली स्थिति आहे.

आतां प्रकृतीचा विचार करूं. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांच्या रक्तांत लोहरक्तक अपुरें आढळलें. याचीं कारणें अनेक आहेत, व परसबाग हा त्यावर रामबाण उपाय नव्हे. तथापि माणशीं दररोज फळें व भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम पोटांत जाव्या, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पांच माणसांच्या घरास हें दोन किलो होतें. विकतच्या भाजीवर चालणाऱ्या घरीं प्रथम कात्री लागते ती पालेभाजीला, आणि उरलीसुरली भाजी शेवटीं जेवणाऱ्या बाईच्या ताटांत सर्वांत कमी पडते. दाराशीं माठ व शेवगा असेल, तर निदान ही काटकसर तरी करावी लागत नाहीं.

परस करण्यास वेळ नाहीं व माणूस नाहीं, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. पूर्वींचें परस आईच्या फुकट श्रमांवर चाले. पहांटे पाणी तिनें ओढावें, दुपारीं शेतांत खुरपावें, संध्याकाळीं वेल बांधावे, आणि भाजीची वाहवा मात्र जेवणाऱ्यांनीं करावी, असा तो व्यवहार होता. तोच पुन्हा सुनांच्या माथीं मारावा, असें सुचविणें अन्यायाचें होईल. म्हणून परस हें बायकांचें काम ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. कुंपण, मांडव, खड्डे व पाण्याची सोय हीं कामें पुरुषांनीं अंगावर घ्यावीं. जो खातेदार पांच एकरांस ठिबक बसवितो, त्यास घरामागें एक नळी ओढणें कठीण नाहीं. भाजी बाजारांत स्वस्त मिळते, हा दुसरा आक्षेप. आठवड्यास २५० रुपये धरले, तरी वर्षाचे १३,००० रुपये होतात. स्वस्ताईचा हा आंकडा प्रत्येकानें आपल्या घरापुरता मांडून पाहावा.

प्रत्यक्ष करावयाचें तें थोडें आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे एक गुंठा जागा घराजवळ राखावी. एकरांतला तो चाळिसावा हिस्सा होय. उसाची सरी तेथून दूर ठेवावी, व तणनाशकाचा पंप त्या बाजूस नेऊं नये. कडेस शेवगा, कढीनिंब, लिंबू व पपई लावावी. पण त्यांची सावली वाफ्यांवर पडणार नाहीं अशी बाजू निवडावी. वेलभाज्या मृगावर लावाव्या. मेथी-कोथिंबीर एकदम न पेरतां दर पंधरवड्यास एक लहान वाफा पेरावा, म्हणजे खंड पडत नाहीं. मोरीचें साबणाचें पाणी केळीस द्यावें. कच्ची खावयाची कोथिंबीर त्यापासून दूर असावी. प्रत्येक भाजीचें एक निरोगी झाड किंवा वेल बियाण्यास राखावा. वेलवर्गांत परागीकरण मिसळतें, म्हणून एका जातीचे दोन वाण जवळ लावूं नयेत.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतें. तत्पूर्वीं प्रत्येक गांवच्या सभासदांनीं एका संध्याकाळीं जमून आपापल्या घरचें बीं एकमेकांस द्यावें, व त्या बैठकीस घरांतील स्त्रियांस अवश्य आणावें. कारण कोणतें बीं कोणाचें व कसें, हें बहुधा त्यांसच ठाऊक असतें. ज्या घरीं वृद्ध माता अजून आहेत, त्यांनीं कोणता वाल कोठून आला, कोणत्या भाजीस काय घालावें व बीं कसें राखावें, हें त्यांस विचारून याच उन्हाळ्यांत लिहून घ्यावें.