रूळ गेले, निदान पाळी तरी राहू द्या

ऊस उत्पादक सभासद बंधू-भगिनींनो,


मागच्या हंगामातली गोष्ट. देवळाली कॅम्पच्या गट कार्यालयात तोडणी कार्यक्रमाची वही घेऊन बसलो होतो. दारणाकाठचे एक वयस्कर सभासद आले. आठ दिवस ट्रॅक्टरवाल्याच्या मागे फिरून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "साहेब, आमचे वडील सांगायचे, रावळगावला उसाची रेल्वे होती. फडातून डबे भरायचे न् इंजिन थेट कारखान्यात न्यायचं. मग आपल्याकडं का नाही झाली तशी?"

चहा पाजून मी त्यांना वाटेला लावले, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर नीट द्यावे म्हणून हा लेख. उत्तर थोडे लांबचे आहे, पण ते आपल्या ऊसबिलापाशीच येऊन थांबते.

कॅम्पात राहणाऱ्याला रेल्वेचे नवल नाही. मुंबईची मोठी लाईन शे-दीडशे वर्षांपासून आपल्या उशाशी आहे. पण मोठी लाईन स्टेशनापर्यंत माल नेते, शेतापर्यंत येत नाही. शेत ते स्टेशन हे अंतर कोणी तोडायचे, हा प्रश्न जुनाच आहे. नाशिकरोड स्टेशन ते नाशिक गाव एवढ्यासाठी 1889 साली अडीच फुटी रुळांवर घोड्यांची ट्राम घातली गेली. 1930 नंतर थोड्याच वर्षांत ती बंद पडली. आज तिची आठवणसुद्धा फार थोड्यांना आहे.

हाच प्रश्न बार्शीला चांगला सुटला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मोठी लाईन कुर्डुवाडीवरून गेलेली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने कुर्डुवाडी ते बार्शी हा 21 मैलांचा अडीच फुटी मार्ग 1897 साली सुरू केला. पुढे 1906 ला तो पंढरपूरला, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोचला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात. 1954 साली सरकारने ती कंपनी विकत घेतली. 2002 ते 2011 या काळात टप्प्याटप्प्याने सारा मार्ग मोठ्या रुळांचा झाला. वऱ्हाडात कापसासाठीच मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी लहान गाडी धावली, तिला लोक प्रेमाने शकुंतला म्हणत. पाचोऱ्याहून जामनेरला अशीच एक गाडी होती.

कॅलथ्रॉपची युक्ती ऐकण्यासारखी आहे. यार्डाला अवघे 30 पौंड वजनाचे हलके रूळ. त्यावर जड माल कसा न्यायचा? त्याने नियमच केला, की इंजिन असो वा डबा, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. आधी मर्यादा ठरवली आणि मग सगळ्या चाकांवर बोजा सारखा वाटला. म्हणून हलका रूळ टिकला. बंधूंनो, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता उसाकडे येऊ. वालचंद हिराचंद हे नाव आपण साखरेमुळे ओळखतो, पण त्यांची सुरुवात रेल्वेच्या ठेकेदारीत झाली. लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर घेतलेले त्यांचे सुरुवातीचे काम याच बार्शी लाईटच्या वाढीव मार्गाचे होते. पुढे त्यांनी आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, रावळगावची माळरानाची जमीन घेतली आणि तिथे 1933 साली कारखाना उभा राहिला. नगर जिल्ह्यात हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्याआधीचा. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर झाले. या खासगी कारखान्यांच्या मळ्यांतून साधारण दोन फुटी रुळांच्या ट्रॉली लाईनी होत्या. फडाच्या बांधापर्यंत रूळ, त्यावर लोखंडी डबे, पुढे लहानसे इंजिन. सकाळी तोडलेला ऊस संध्याकाळच्या आत गव्हाणीत.

मग आपल्याकडे का नाही झाली? सरळ उत्तर असे, की तिथे मालक एक, शेत सलग आणि भोंगा एक होता. लागवड कुठे, तोड कधी, डबे कुठे लावायचे, हे एकाच ऑफिसात ठरायचे. पण त्या काळाचे गोडवे गाताना जपून गावे. त्या सलग मळ्यांत कितीतरी खंडकरी शेतकऱ्यांच्या जमिनी होत्या आणि त्या परत मिळवायला त्यांच्या घरातल्या दोन-तीन पिढ्या झगडल्या. 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला, 1963 साली शेती महामंडळ झाले, मळे कारखान्यांच्या हातून गेले. ट्रॉली लाईनींचेही दिवस भरले.

तोवर प्रवरेने 1950 साली नवा रस्ता दाखवला होता. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या त्या कारखान्याचा मालक हजारो शेतकऱ्यांचा समूह होता. कोणाचा अर्धा एकर, कोणाचे पाच, चाळीस गावांत विखुरलेले. इथे रूळ कोणाच्या बांधावरून न्यायचा? म्हणून बैलगाडी आली, मग टायरगाडी, ट्रक, आणि आज ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या.

हे उत्तर मीही बरीच वर्षे देत आलो. पण ते अर्धेच खरे आहे.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात आजही सुमारे 4000 किलोमीटर दोन फुटी रूळ फक्त उसासाठी आहेत. तिथले शेतकरीही वेगवेगळ्या मालकीचेच आहेत. फिजी बेटांवर तर आपल्याच देशातून गिरमिटावर गेलेल्या मजुरांची मुले-नातवंडे दहा-बारा एकरांवर ऊस करीत आली आणि त्यांचा ऊसही ट्रॉली लाईनीने कारखान्यात जात आला. आता तिथेही बराचसा ऊस ट्रकने जातो, ते खरे. पण मालक अनेक म्हणून लाईन चालत नाही, असे नव्हते. शेतकऱ्यांचे गट होते, गटाची एक तोडणी टोळी आणि गटात ठरलेली पाळी. आज तुझ्या फडात, उद्या माझ्या. डबा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी यायचा, तो भरून दिला नाही तर पाळी गेली. रूळ कोणाच्या ओळखीने वाकत नाही. इंजिन पुढाऱ्याच्या फडासाठी मधूनच वळत नाही.

म्हणजे आपण गमावले ते नुसते लोखंड नव्हे. चाक रबराचे झाले आणि पाळीही रबरासारखी ताणली गेली.

इथे माझीच चूक कबूल करतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका वजनदार माणसाच्या शब्दाखातर मी पाळी सोडून तोडणीची चिठ्ठी दिली. चालू फड अर्धा टाकून टोळी सहा किलोमीटर पलीकडे गेली. तो फड एका विधवा बाईंचा होता. तोडलेला ऊस तीन दिवस बांधावर वाळला, कारण ट्रॉल्याही टोळीमागे गेल्या. उभा राहिलेला बावीस दिवस थांबला, त्याला तुरा आला. काट्यावर वजन घटले. त्या बाई कधी भांडल्या नाहीत. आजही भेटल्या की "या साहेब, चहा घ्या," म्हणतात. भांडल्या असत्या तर बरे वाटले असते.

यात नुकसान एकटीचे झाले, असेही नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही मेळाव्यात सांगतो. उशीर झाला की पाणी उडते, ते सभासदाचे वजन. साखर मोडते, तो सर्वांचा उतारा. एफआरपी उताऱ्यावर ठरते, म्हणजे एका फडातला उशीर सगळ्या सभासदांच्या दरात उतरतो. शिवाय टोळी आणि ट्रॉली इकडून तिकडे फिरल्या, की डिझेल जळते आणि तो खर्च तोडणी-वाहतुकीत चढतो.

ही तोडणी-वाहतूक तुमच्याच बिलातून वजा होते. तिची सरासरी काढून जवळच्या आणि लांबच्या सभासदाला प्रति टन सारखीच कपात लागते. पळशाचा सभासद मला विचारतो, "माझा ऊस गेटापासून हाकेच्या अंतरावर. लांबच्या उसाचं भाडं मी का भरू?" त्याचे चूक नाही. पण लांबचा सभासदही आपलाच, त्यानेही शेअर घेतला आहे. माझे मत विचाराल तर कॅलथ्रॉपचा नियम आठवा. बोजा सारखा वाटावा, पण आधी त्याला मर्यादा घालावी. कार्यक्षेत्रातल्या सभासदाचा वाहतूक बोजा सगळ्यांनी मिळून उचलणे, हा सहकार आहे. पण गाळप भरून काढायला फार लांबून आणलेल्या बिगरसभासदाच्या उसाचे भाडे त्याच सरासरीत मिसळणे, हे हलक्या रुळावर जड इंजिन चढवण्यासारखे आहे. ते भाडे वेगळे दाखवावे, म्हणजे वार्षिक सभेत सभासदाला खरे चित्र दिसेल. संचालक मंडळाने याचा विचार करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

कोणी म्हणेल, पुन्हा रूळ घाला. मी तसे म्हणणार नाही. जमिनीचे भाव, विखुरलेले फड आणि वर्षातले चार-पाच महिने चालणारे काम, यात ते परवडणार नाही. सवलतीच्या जोरावर गाडी किती चालते, हेही आपण जवळून पाहिले. 7 ऑगस्ट 2020 रोजी देशातली पहिली किसान रेल्वे आपल्या देवळाली स्टेशनवरूनच बिहारमधील दानापूरला सुटली. भाजीपाला-फळांना भाड्यात निम्मी सवलत मिळाली, माल गेला, आनंद झाला. 2022 साली सवलत थांबली आणि गाडीही थांबली. माल एका जागी, एका दिवशी, पुरेसा गोळा करण्याची आपली सवय पक्की झाली नसेल, तर दुसऱ्याचे इंजिन किती दिवस ओढणार?

तेव्हा रूळ नकोत, रुळाची शिस्त घेऊ. माझी मागणी तीन गोष्टींची आहे.

पहिली, एका शिवारात एकाच पंधरवड्यात, शक्यतो एकाच जातीची लागवड. फड सलग पक्व झाले, तर टोळी सलग चालेल. नोंद देताना शेजाऱ्याला सोबत घेऊन या.

दुसरी, पाणंद. मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजना 2021 पासून आहे, पण कागद पुढे सरकत नाही, कारण दोन बांधकऱ्यांचे जमत नाही. ट्रॉली पाणंदीत रुतली की मागच्या दहा जणांची पाळी रुतते. दसऱ्याच्या आत प्रत्येक गावाने निदान एक तरी पाणंद मोकळी करावी. मोजणीला, बैठकीला शेतकी खात्याची माणसे येतील, मी स्वतः येईन.

तिसरी, पाळीपत्रक सोसायटीच्या फळ्यावर लागेल आणि ते कोणासाठीही बदलणार नाही. बदलले तर कारणासह, सहीनिशी. टोळीला, ड्रायव्हरला खुशाली देऊन नंबर पुढे ओढू नका. आज तुम्ही पाचशे दिले, तर उद्या शेजारी हजार देतो आणि परवा तुम्हालाच दोन हजार पडतात.

हिशेब करून पाहा. समजा या तीन गोष्टींनी टनामागे 50 रुपये वाचले. एकरी 40 टन, दोन एकर ऊस, म्हणजे 4000 रुपये. खताच्या दोन-तीन गोण्या सुटल्या. शिवाय ट्रॅक्टरमागे फिरण्यात गेलेले आठ दिवस वाचले, त्यांची किंमत ज्याची त्याने करावी.

त्या आबांना माझे उत्तर एवढेच. रेल्वे रावळगावच्या मालकाला जमली, कारण त्याचा शब्द एक होता. आपण हजारो मालक आहोत. आपला शब्द एक झाला, तर रुळावाचूनही ऊस वेळेत गव्हाणीत पडेल.

पटले तर आपल्या गावापासून सुरुवात करा. नाही पटले, तर मंगळवारी मी कॅम्पच्या गट कार्यालयात असतो. येऊन भांडा, पण या.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी