'शरीफ पोरगी' हे निदान नव्हे

मुलगा शाळा सोडून दार लावून बसला की तो 'कामचोर' ठरतो, नाहीतर त्याच्यावर 'असर' असतो आणि गळ्यात तावीज येतो. मुलगी बसली तर? तिचं कौतुक होतं. 'किती शरीफ! कुणाच्या अध्यात ना मध्यात.' मी उर्दू-मराठी शिकवते, हे कौतुक वर्षानुवर्षं ऐकते. माझा आक्षेप त्यावरच आहे.

जपानमध्ये असं घरात कोंडून घेण्याला 'हिकिकोमोरी' म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या 1998 च्या पुस्तकामुळे तो शब्द घरोघर पोहोचला. 2016 च्या सरकारी अहवालात 15 ते 39 वयाच्या अशा लोकांत सुमारे 63 टक्के पुरुष होते. घरकाम करणाऱ्यांना मात्र त्यात धरलंच नव्हतं! हातात झाडू दिसला की आजार दिसेनासा झाला. 2023 च्या अहवालात घरच्यांखेरीज कुणाशी फारसं न बोलणाऱ्या गृहिणीही धरल्या. त्याच वयोगटात स्त्रिया 45 टक्क्यांवर गेल्या आणि 40 ते 64 मध्ये निम्म्याहून अधिक.

हाच झाडू आपल्या घरांतही आहे.

कुणी म्हणेल, 'आमच्या मुली तशाही बाहेर जात नाहीत, मग सगळ्या आजारी?' नाही. जाऊ न देणं ही आपली करणी, तो तिचा आजार नव्हे. पण ईदला खालाजाद बहिणी आल्या तरी ती खोलीतून येत नाही, मैत्रिणीचा फोन उचलत नाही, जेवण दाराशी ठेवावं लागतं, तेव्हा महिने मोजा. क्यूशू विद्यापीठाचे ताकाहिरो कातो आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये कसोटी मांडली: घरातच एकाकी राहणं, किमान सहा महिने, आणि त्यापायी त्रास किंवा कामकाज ठप्प. खोलीबाहेरही क्वचितच पडणं म्हणजे तीव्र अवस्था. सुरुवातीला त्या माणसाला बरंच वाटत असतं, म्हणून 'ती खूश आहे' हा पुरावा मला चालत नाही. सहा महिने भरेपर्यंत थांबा, असंही मी म्हणत नाही.

नाव मात्र आपण द्यायचं नाही. नैराश्य, स्वमग्नता, स्किझोफ्रेनिया बाहेरून असेच दिसू शकतात. ते वेगळं करणं मानसोपचारतज्ज्ञाचं काम. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलगी येत नसेल तर आईनं आधी बोलावं.

आया मला विचारतात, 'निकाह लावला की मोकळी होईल ना?' जी सख्ख्या मामूसमोर येत नाही, ती परक्या घरात मोकळी होणार? आणि रिश्त्याच्या कागदावर तिच्याबद्दल लिहितात काय, तर 'घरेलू'.