आजचे केस पेपर, उद्याचे संगणक

क्वांटम संगणक आला की नवी औषधे झटपट सापडतील, कर्करोगाचे कोडे सुटेल, अशा बातम्या सध्या वारंवार वाचायला मिळतात. औषधांचे व्हायचे ते होईल. रुग्णासाठी त्याआधीचा प्रश्न त्याच्या गोपनीय माहितीचा आहे.

साध्या संगणकातील बिट एका वेळी 0 किंवा 1 असतो. क्युबिट या दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो. मात्र मोजमाप केले की एकच उत्तर हाती येते. म्हणून 'हा संगणक सगळी उत्तरे एकदम तपासतो' हा समज अर्धवट आहे. पाण्यावरच्या लाटा एकमेकींना वाढवतात किंवा पुसून टाकतात. तसेच चुकीच्या उत्तरांची शक्यता पुसून बरोबर उत्तराची वाढवायची, ही क्वांटम अल्गोरिदमची खरी करामत.

दिल्ली आयआयटीचे माजी विद्यार्थी लव ग्रोव्हर यांच्या 1996 मधील पद्धतीने, क्रमाने न लावलेल्या दहा लाख नोंदींतून हवी ती नोंद हजाराच्या आत पायऱ्यांत शोधता येते. पीटर शोर यांची 1994 मधील पद्धत त्याहून धारदार. ती प्रचंड संख्यांचे अवयव पाडते. हे काम साध्या संगणकाला जवळपास अशक्य आहे, याच भरवशावर इंटरनेटवरील आरएसएसारखी कुलपे उभी आहेत. 2001 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सात क्युबिट वापरून 15 चे 3 आणि 5 हे अवयव काढून दाखवले. तो प्रयोग एमआरआयच्याच मूळ तत्त्वावर चालला होता. खरी कुलपे तोडण्याइतके मोठे यंत्र अजून तयार झालेले नाही.

मग घाई कशाला? कारण कुलूपबंद माहिती आज चोरून ठेवता येते आणि तसे यंत्र आल्यावर उघडता येते. एटीएमचा पिन बदलता येतो. एचआयव्हीचा अहवाल, मानसोपचाराची नोंद, जनुकीय चाचणी बदलता येत नाही. वीस वर्षांच्या मुलीची नोंद पन्नास वर्षांनीही तिचीच असते आणि जनुकीय माहिती तर तिच्या मुलाबाळांचीही असते.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटम हल्ल्यापुढे टिकावीत अशा कुलपांची पहिली तीन मानके जाहीर केली. आपल्याकडे राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2023 मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर झाले. दुसरीकडे आभा क्रमांकाला रुग्णांच्या नोंदी जोडल्या जात आहेत. रुग्णालयांनी नवी संगणक प्रणाली घेताना निविदेतच नव्या कुलपांची अट घालावी. आज ही अट एका ओळीची आहे. नोंदी एकदा बाहेर पडल्या की त्या परत आणण्याची सोय कोणत्याही रुग्णालयाकडे नाही.