दिवसातून चार वेळा मालिश



दहावीचा निकाल लागला त्या संध्याकाळची गोष्ट. शेजारच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी दारात गेले. पोरगा गणित आणि इंग्रजीत गेला होता. कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. आई चुलीपाशी डोळ्यांना पदर लावून बसलेली, आणि वडिलांचा पट्टा सुटलेला. मला पाहताच ते म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा याला. याच्यात जिद्दच नाही! माणसानं मनात आणलं तर काय होत नाही? बाबासाहेबांनी किती सोसलं! आणि या साहेबांना दोन विषय सुटत नाहीत." एवढे सगळे चालले होते तरी टीव्ही चालूच होता. तो बंद करावा असे कोणालाच सुचले नाही.

मी काही बोलले नाही. भरल्या रागात बोलून उपयोग नसतो. पण "मनात आणलं तर" हे शब्द डोक्यातून जाईनात. आपण ते किती सहज वापरतो! लग्नाच्या आशीर्वादात, सत्काराच्या भाषणात, आणि नापास झालेल्या पोरालासुद्धा. या वेळी सदर लिहायला बसले तेव्हा मला एक मुलगी आठवली. मनात आणून जिंकणारी म्हणून तिची गोष्ट जगभर सांगितली जाते. ती गोष्ट थोडी वेगळ्या बाजूने सांगते.

तिचे नाव विल्मा रुडॉल्फ. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल नावाचे गाव आहे, त्याच्याजवळ २३ जून १९४० रोजी ती जन्मली. दिवस पुरे भरण्याआधीच आली. वजन जेमतेम दोन किलो. वडील रेल्वेत हमाल आणि मिळेल ते काम करणारे, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाकपाणी करणारी. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून बावीस भावंडे, त्यांत विल्मा विसावी. काळ्या माणसांचे घर! आपल्याकडे गावकुसाबाहेरचे जगणे होते तसे तिकडे काळ्यांचे होते. शाळा वेगळी, पाण्याचे नळ वेगळे, बसमध्ये मागची बाकडी, आणि आजारी पडले तर दवाखानाही वेगळा.

पोरीला न्यूमोनिया झाला, लोहितज्वर झाला आणि पाचेक वर्षांची असताना पोलिओने गाठले. डावा पाय लुळा पडला. पोलिओवरची लस तेव्हा निघालीच नव्हती. ती आली १९५५ साली, म्हणजे विल्माचा पाय गेल्यावर दहा वर्षांनी. हा रोग पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या पेशी मारतो. स्नायूंना हुकूम देणाराच उरला नाही की स्नायू निकामी होतात. आपल्या वस्त्यांमध्ये कॅलिपर घालून कुबडीवर चालणारी मुले एके काळी गल्लोगल्ली दिसत. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना वर्गातला असा एखादा सोबती नक्की आठवेल. आपल्या देशात शेवटचा रुग्ण २०११ साली हावड्याला सापडला आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामागे रविवारी दारोदार फिरून थेंब पाजणाऱ्या हजारो बायाबापड्यांची पायपीट आहे. त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

क्लार्क्सव्हिलमध्ये काळ्यांसाठी धड इलाज नव्हता. काळ्यांचे मोठे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे इस्पितळ नॅशव्हिलला, सुमारे ऐंशी किलोमीटरवर. डॉक्टरांनी आशा दाखवली नव्हती. आई मात्र लेकीला सांगत राहिली की तू चालणार. माऊली नुसते बोलून थांबली नाही. दर आठवड्याला लेकीला घेऊन ती बसने नॅशव्हिलला जाई. मागच्या बाकड्यावर बसून जायचे, उपचार घ्यायचे आणि पुन्हा तेवढेच अंतर परत. अशी दोन वर्षे! आपल्यापैकी ज्यांनी लेकरू पोटाशी धरून तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या खेपा घातल्या आहेत त्यांना हा हिशोब कळेल. एका खेपेत एका दिवसाची मजुरी बुडते, तिकिटाचे पैसे जातात, आणि घरी मागे राहिलेली पोरे कोणाच्या तरी भरवशावर टाकावी लागतात.

डॉक्टरांनी सांगितले, पायाला रोज मालिश हवे. आईने ते शिकून घेतले. पण कामावर जाणाऱ्या बाईला दिवसभर वेळ कुठला? मग तिने मोठ्या पोरांनाही शिकवले. दिवसातून चार वेळा कोणी ना कोणी विल्माचा पाय चोळायला बसे. आज चुकले तर उद्या बघू, असे नाही. रोज चार वेळा!

भगिनींनो, मला या गोष्टीत सगळ्यांत मोठे वाटते ते हेच. पुढे मिळालेली पदके सर्वांना ठाऊक आहेत. पण शाळेतून थकून आलेला भाऊ, खेळायला जायची घाई झालेली बहीण, यांनी धाकटीचा पाय मांडीवर घेऊन बसायचे, आणि फरक तर महिनोन्महिने दिसत नाही! ती जिद्द कोणाची म्हणायची? विल्मा तर तेव्हा चिमुरडी होती.

दहा पारमितांमध्ये वीर्य आणि अधिष्ठान या दोन पारमिता वेगळ्या सांगितल्या आहेत. निश्चय निराळा आणि नेटाने खपणे निराळे. मला वाटते, त्या घरात दोन्ही होते, आणि ते एका माणसाच्या अंगावर टाकलेले नव्हते.

बारा वर्षांची होईतो विल्माच्या पायातली लोखंडी पट्टी आणि जाड बूट दोन्ही गेले. ती अनवाणी भावांबरोबर अंगणात बास्केटबॉल खेळू लागली. शाळेच्या संघात गेली, तिथे तिच्या सतत गुणगुणत मागे लागण्याला कंटाळून प्रशिक्षकाने नाव ठेवले 'मच्छर'. टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या धावपटू मुलींचे प्रशिक्षक एड टेंपल यांच्या नजरेला ही उंच, सडपातळ पोर पडली आणि त्यांनी तिला उन्हाळी शिबिराला बोलावले. सोळाव्या वर्षी, १९५६ मध्ये, ती मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये होती. २०० मीटरमध्ये पहिल्या टप्प्यातच बाहेर पडली, पण रिलेत ब्राँझ पदक घेऊन आली.

पुढची गोष्ट भाषणांत सहसा सांगत नाहीत, पण घराच्या पानावर ती सांगायला हवी. शाळेच्या शेवटच्या वर्षात असतानाच विल्माला दिवस गेले आणि १९५८ मध्ये, लग्नाआधी, ती आई झाली. तिला मुलगी झाली. आपल्या समाजात अशा पोरीचे काय होते? शिक्षण बंद, दार बंद, आणि मिळेल त्या स्थळाशी गाठ. टेंपलसरांचा तर नियमच होता की मूल असलेली मुलगी संघात नको. त्यांनी तो नियम तिच्यासाठी बाजूला ठेवला. घरच्यांनी बाळ सांभाळले आणि पोरीला विद्यापीठात पाठवले. म्हणजे आठवड्याची बस आणि चार वेळचे मालिश तेव्हाही संपले नव्हते, फक्त त्याचे रूप बदलले होते.

१९६० मध्ये रोम. १०० मीटरच्या आदल्या दिवशी मैदानावरच्या खड्ड्यात पाय मुरगळला. तरीही तिने ११.० सेकंदांत शर्यत जिंकली. वारा पाठीमागून जास्त होता म्हणून विक्रमाची नोंद झाली नाही, एवढेच. २०० मीटर २४.० सेकंदांत जिंकली. रिलेत चौघीही टेंपलसरांच्याच मुली. शेवटच्या टप्प्यात काठी हातात घेताना चुकामूक झाली, जर्मनीची मुलगी पुढे निघून गेली. विल्माने तिला गाठले आणि मागे टाकले. एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री ठरली.

आता गावात सत्कार ठरला. टेनेसीचे गव्हर्नर वंशभेदाचे पुरस्कर्ते. रिवाजाप्रमाणे गोरे वेगळे, काळे वेगळे असा बेत होता. वीस वर्षांच्या मुलीने कळवले, असे असेल तर मी येणार नाही. मिरवणूक आणि मेजवानी दोन्ही सर्वांसाठी एकत्र झाल्या. क्लार्क्सव्हिलमध्ये काळे-गोरे असे एकत्र बसण्याचा तो पहिलाच प्रसंग. पण एका मेजवानीने गाव बदलत नाही. १९६३ च्या मे महिन्यात तीच विल्मा गावातल्या उपाहारगृहात शेकडो काळ्या लोकांबरोबर जायला निघाली, तेव्हा दार बंद झाले. तिन्ही सुवर्णपदके घरात, आणि जेवायला बाहेर! ते लोक हटले नाहीत. थोड्याच काळात गावातली उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. विल्मा शिक्षिका झाली, तिने प्रशिक्षण दिले, आणि १९९४ मध्ये चोपन्नाव्या वर्षी कर्करोगाने ती गेली.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घेऊ या. जिद्दीने पोलिओ बरा होतो, असे मी म्हणत नाही. तेवढेच मालिश, तेवढ्याच खेपा करूनही किती तरी मुले कुबडीवरच राहिली. त्यांच्यात जिद्द कमी होती काय? त्यांच्या आया कमी पडल्या काय? असे म्हणणाऱ्याने आधी एखाद्या घरात वर्षभर चार वेळा पाय चोळून दाखवावा!

आणि शेजारच्या भाऊंनी बाबासाहेबांचे नाव घेतले म्हणून सांगते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेब शिकले, हे आपण पोरांना ऐकवतो. पण रामजीबाबा काय करीत? लेकाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण झोपत. पुस्तकांना पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने मागत, नाही तर त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आल्यावर सोडवून देत. खोली एकच, पण तिची झोप दोघांत वाटलेली.

चार दिवसांनी भाऊ शांत झाल्यावर मी हे त्यांना सांगितले. विल्माचेही सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, मला काही गणित येत नाही." मी म्हटले, रामजीबाबा काही गणित करून देत नव्हते, जागत होते.

पोरगा पहाटे साडेचारला उठून पेपर टाकतो, हे मला तेव्हा कळले. घरी येईतो सात, मग शाळा, संध्याकाळी धाकट्यांना सांभाळणे, आणि आठ ते अकरा मालिका. त्यात गणिताला जागा कुठे होती?

पुरवणी परीक्षेला आता तीन आठवडे आहेत. पेपरची लाइन सध्या भाऊच टाकतात, कामावर जाण्याआधी, सायकलवर. थोरली बहीण बारावीला आहे, ती रोज रात्री इंग्रजीचे दोन धडे घेते. आठ वाजता टीव्ही बंद होतो. पहिल्या दिवशी आजीने त्यावरून मोठे भांडण केले. आता ती माझ्याकडे येऊन बसते, आणि तिची मालिका मला बघावी लागते.