ताम्रपटावरचा कारभार

राजानें दिलेलें दान चिरकाल टिकावें म्हणून आपल्याकडे तें तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. युरोपांत त्याच पत्र्याचा निराळा उपयोग झाला. तेथील कारागीर त्यावर चित्र उलटें कोरी, रेषांत शाई भरी, वरची पुसून टाकी आणि ओलसर कागद ठेवून यंत्रांत दाबी. एका पत्र्यापासून शेंकडों प्रती निघत. रंग मागाहून हातानें भरीत. पत्र्याच्या कडेचा कागदावर उमटलेला दाब ही ताम्रमुद्रणाची खूण होय.

अशा मुद्रणाचा एक नामांकित ग्रंथ म्हणजे आम्स्टरडॅम येथें १७०५ ते १७२० या काळांत सात खंडांत निघालेला शातलेन यांचा ऐतिहासिक ॲटलास. त्यांत नकाशांबरोबर राजवंशांच्या वंशावळी, नगरांचीं दृश्यें आणि राज्यकारभाराचे तक्तेही आहेत. त्यांतच डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारालाही स्थान मिळालें आहे. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. व्यापाऱ्याच्या पेढीला जमाखर्चाची वही पुरे. तिला राज्यव्यवस्थेचा तक्ता कशाला हवा?

याचें उत्तर सनदेंत आहे. २० मार्च १६०२ रोजीं डच प्रजासत्ताकाच्या प्रतिनिधिसभेनें या कंपनीस आशियांत तह करण्याचा, किल्ले बांधण्याचा, शिपाई ठेवण्याचा व न्यायाधीश नेमण्याचा अधिकार दिला. कंपनीच्या सहा शाखा, आणि त्यांवर सतरा जणांचें मंडळ. त्यांत आठ आम्स्टरडॅमचे, चार झीलंडचे, इतर चार शाखांचा एकेक; सतरावा मात्र आम्स्टरडॅम सोडून इतरांनीं पाळीपाळीनें पाठवावयाचा. एका नगराचें बहुमत होऊं नये, एवढी ही दक्षता! या मंडळाखालीं बटाव्हियास गव्हर्नर-जनरल व त्याचें सल्लागार मंडळ, आणि त्यांखालीं ठिकठिकाणचे अधिकारी व वखारी. आपल्या वेंगुर्ल्यासही सतराव्या शतकांत डचांची वखार होती.

मालकांमालकांतील सत्तेचा तोल इतका काटेकोर. पण प्रजेचें काय? १६२१ सालीं गव्हर्नर-जनरल कून यानें जायफळाच्या मक्तेदारीसाठीं बांदा बेटांवर स्वारी केली. तेथील सुमारें पंधरा हजार रहिवाशांपैकीं बहुतेक मारले गेले, उपासमारीनें मेले, पळाले किंवा गुलाम झाले. इकडे भागीदारांनीं हिशेबाविषयीं ओरड केली, तेव्हां १६२२ अखेरच्या नव्या सनदेनें संचालकांची मुदत तीन वर्षांची ठरली. बांदाच्या लोकांना ओरड करावयास त्या रचनेंत जागाच नव्हती.

घरचा कारभारी जमाखर्च चोख ठेवील, भावाभावांचे वांटे बिनचूक करील, पण ज्यांच्या कष्टांवर घर चालतें त्यांचें ऐकून घेणार नाहीं, तर त्या चोखपणास आम्ही न्याय म्हणणार नाहीं. कंपनीचा हिशेबही अखेर चोख राहिला नाहीं. कर्जांत बुडालेली ती संस्था १७९६ सालीं सरकारनें हातीं घेतली आणि १७९९ अखेर तिची सनद संपली.

असे छाप आज संग्रहालयांत व पुस्तकांत पाहावयास मिळतात. त्यांतील रेषांचा बारकावा मुलांना अवश्य दाखवावा, आणि मग विचारावें, "बाळांनो, हुकूम खालीं जाण्याची वाट येथें स्पष्ट दिसते. गाऱ्हाणें वर येण्याची वाट कोठें आहे, ती शोधा पाहूं!"