रूपकातली कांडी कोणी भरायची?

(द्वितीय वर्ष, कला)

'अलंकार म्हणजे भाषेचे दागिने' असे आम्हांला पहिल्याच तासाला सांगण्यात आले. इतरांना त्यावरून काय आठवले असेल ते असो. मला आठवली आईची बोरमाळ. माझ्या प्रवेशाच्या वेळी ती गहाण पडली, ती अजून सुटलेली नाही. त्यामुळे भाषेला दागिने घालण्याच्या या उद्योगाकडे मी सुरुवातीपासूनच जरा संशयाने पाहत आले.

तरी शिकले. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द ही चारही अंगे आता मला झोपेतसुद्धा सांगता येतील. मुख चंद्रासारखे म्हटले की उपमा, मुखचंद्र म्हटले की रूपक. परंतु ओळखणे वेगळे आणि करणे वेगळे. गेल्या वर्षी मी एक रूपक करून पाहिले. कवितेचे नाव 'जीवनवस्त्र'. सुखदुःखांचा ताणाबाणा, वर बसलेला विणकर, हळुवार सरकणारा धोटा, असा सारा थाट होता. सरांना ती आवडली.

हे मी इचलकरंजीत राहून लिहिले! जिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, त्या गावात. माझे आबा चार माग सांभाळतात, १२ तासांची पाळी करतात. आई त्याच कारखान्यात कांड्या भरते. मागांच्या खडखडाटाने आबांना आता कमी ऐकू येते. म्हणून ती हळुवार कविता मला त्यांच्यापुढे ओरडून म्हणावी लागली. शेजारच्या दोन बायका काय झाले म्हणून दारात आल्या. ऐकून झाल्यावर आबा म्हणाले, "चांगलं हाय पोरी. पर धागा तुटला तर जोडतंय कोण?" आणि भाकरी थापता थापता आईने विचारले, "आन् कांडी कुणी भरली?"

माझ्या कवितेत एकही धागा तुटत नव्हता. प्रत्यक्षात तो सारखा तुटतो. माग थांबवून, फणीतून टोक ओढून गाठ मारावी लागते. नजर चुकली तर कापडात दोष राहतो आणि त्याचे पैसे मजुरीतून जातात. कांडी तर काही मिनिटांत संपते, की धोट्यात लगेच दुसरी घालायची.

तेव्हा माझे मत असे झाले आहे. उपमेतला 'सारखा' हा शब्द थोडी सूट देतो. रूपक सूट देत नाही. जीवन हे वस्त्रच आहे असे एकदा म्हटले, की तुटलेले धागे, कापलेली मजुरी, कांड्या भरणारी बाई, सगळे आपल्या अंगावर येते. ते नको असेल तर रूपकाच्या वाटेला जाऊ नये. बोलताना आपण सूत जुळले, गुंता सुटला असे सहज म्हणतो. तिथे कोणी सूत पाहत नाही, आणि बोलण्यात ते चालतेही. लिहिण्यात चालू नये. कबीर स्वतः विणकर होते, गोरोबा कुंभार, सावतोबा माळी. बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१) लिहितावाचता येत नव्हते. पण चूल, जाते, शेत यांत त्यांचे हात गेलेले होते.

यावर एक मैत्रीण म्हणाली, "मग तू आता मागावरच लिही." हेही मला मान्य नाही. कष्टकऱ्यांच्या मुलांनी घाम आणि भाकरीच तेवढी लिहावी, आणि चंद्र इतरांसाठी सोडावा, ही वाटणी कोणी केली? चंद्र आमच्या पत्र्यावरही येतो. गल्लीतला दिवा गेलेला असला की आबा त्याच्याच उजेडात रात्रपाळीला जातात.

ती कविता मी तेव्हा मागे घेतली. यंदा पुन्हा लिहायला घेतली आहे. धागा तुटतो ते कडवे जमले. आबांना ओरडून ऐकवलेही. आईचे कडवे अजून जमत नाही, म्हणून या अंकासाठी कवितेऐवजी हा लेख दिला आहे.